शिवेवरचा शुक्रवार

आमच्याकडचा आठवडी बाजार गावात भरत नाही. आमच्याही गावात नाही आणि शेजारच्या पिंपळगावातही नाही. दोन्हींच्या मधे, शिवेवर, आपट्याच्या झाडाखाली भरतो, आणि तोही शुक्रवारी. घरात नवी सून आली की पहिल्या आठवड्यातच विचारते, एवढी मोठी दोन गावं सोडून बाजार रानात कशाला नेला? कुणी सांगतं, दोन्ही गावांच्या सोयीसाठी. कुणी सांगतं, तिथं देवाचं ठाणं होतं. मी ऐकून घेते. मासे धरायच्या दोन काठ्यांनी तो बाजार तिथं नेला, हे डोळ्यांनी पाहिलेली आता मी एकटीच उरले आहे.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. आमचं गाव उमापूरच्या पुढं, गोदावरीच्या काठाला. माझे वडील सुंदरराव गावचे देशमुख. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. त्याच काठानं खाली चालत गेलं की पिंपळगाव. तिथले देशमुख विठ्ठलराव. आबांच्या आणि विठ्ठलरावांच्या घराण्यात पिढ्यांची सोयरीक होती, आणि तितकीच जुनी चढाओढ. आबांनी ओसरीला सागवानी खांब लावले की विठ्ठलराव कोरीव लावायचे. विठ्ठलरावांनी घोडा घेतला की आबा त्याहून उंच घोडा शोधायला निघायचे. मग तो घोडा चावरा निघाला तरी चालायचं, उंच पाहिजे.

बाजार तेव्हा उमापूरला भरायचा. गावातल्या सगळ्या बाया जायच्या. माझी माय, भिवराबाई, जायची नाही. देशमुखाच्या बाईनं परक्या गावच्या मातीत उभं राहून सौदा करायचा नाही, असा आमच्यात रिवाज होता. स्वतःच्या शिवेत तिला कुणी अडवत नव्हतं, पण स्वतःच्या शिवेत बाजारच नव्हता. मग मायसाठी बाजार करायचा आमचा कारभारी आसाराम. मायनं हिरवं लुगडं सांगितलं की तो तांबडं आणायचा आणि म्हणायचा, "रंग पक्का हाय बाईसाहेब, पिळून बघितला." बांगड्या घेऊन कासार घरी यायचा, पण बाजारात जे खपलं नाही तेच पेटीत घालून आणायचा. मायचे हात बारीक. तिच्या मापाच्या बांगड्या त्या पेटीत कधी निघाल्याच नाहीत. तिनं हात वर केला की सगळ्या बांगड्या घरंगळत कोपरापर्यंत यायच्या, आणि भाकरी थापताना परातीवर आपटायच्या. आमच्या घरात सकाळ झाली हे त्या आवाजावरून कळायचं.

अशात बातमी आली की ह्या बाजूला सरकार एक नवा बाजार देणार. गाव कोणतं ते तालुकदारसाहेब हिवाळ्यात दौऱ्यावर येऊन ठरवणार. एक तर आमचं, नाही तर पिंपळगाव. तालुकदार म्हणजे आताचा कलेक्टर समजा.

माय त्या दिवशी आबांना वाढताना म्हणाली, "बाजार आपल्या गावाला आला तर मी जाईन बरं का."

आबा म्हणाले, "खुशाल जा. आपल्या शिवेत बाजार भरला तर तुला कोण अडवतंय?"

हे त्यांनी चार माणसांच्या पंगतीत म्हटलं होतं. माझी आत्या दगडाबाईसुद्धा तिथंच बसली होती. ती बालपणापासून विधवा, माळकरी, आणि घरातला प्रत्येक शब्द ध्यानात ठेवणारी. माय नंतर मला हळूच म्हणाली, "विमल, तुझी आत्या साक्षीला हाय." मायनं आयुष्यात मागितलेली तेवढी एकच गोष्ट मला माहीत आहे.

आता बाजार मिळवायचा कसा? आबांनी तालुकदारांच्या पेशकाराला, म्हणजे कचेरीतल्या त्यांच्या कारकुनाला, जेवायला बोलावलं. पेशकारानं आधी पोटभर जेवण केलं, मग पान लावलं, मग सांगितलं की साहेबांना नजराण्याची आवड नाही, गाण्याची नाही, शिकारीचीही नाही. विलायतेत शिकायला होते तिथून एकच नाद घेऊन आलेत. पिसांची खोटी माशी करायची, ती दोरीला बांधायची, काठीनं पाण्यावर फेकायची आणि मासा धरायचा. सुट्टीच्या दिवशी साहेब दुसरं काही करत नाहीत. हे ज्याला येतं तोच त्यांचा दोस्त.

"खरी माशी कावून लावत न्हाईत?" आसारामनं विचारलं.

"खऱ्या माशीनं तर कुणीबी धरंल," पेशकार म्हणाले. "त्यात इज्जत काय?"

हे मात्र आबांना लगेच पटलं.

आत्याला पटलं नाही. "ज्या घरात मासळीचा वास आला तर मी दोन दिवस चूल पेटू देत न्हाई, त्या घरातला देशमुख माशी फेकत हिंडणार? आन् धरलेला मासा करणार काय?"

"साहेब तो पाण्यात परत सोडतात म्हणे," आबा म्हणाले.

आत्यानं हातातली माळ खाली ठेवली. "मंग आधी धरतात कशाला?" तिनं विचारलं.

भाद्रपदात आबा आसारामला घेऊन निघाले. जालन्यापर्यंत बैलगाडी, पुढं आगगाडी, थेट सिकंदराबाद. तिथं एका पारशाचं दुकान होतं, साहेबलोकांच्या खेळाचं सामान विकणारं. तिथं काय झालं ते आसाराम पुढं कितीतरी वर्षं ओसरीवर बसून सांगायचा.

दुकानदारानं पहिल्यांदा विचारलं, "कोणता मासा धरणार?"

आबा म्हणाले, "मासा कोणताही चालेल. तालुकदारसाहेबांसोबत उभं राहायचंय."

दुकानदार भला माणूस. त्यानं समजावलं की नव्या माणसानं हलकी, आखूड काठी घ्यावी, जी एका हातात दिवसभर धरली तरी मनगट दुखत नाही. ह्या खेळात माशीला वजनच नसतं, म्हणून फेकायचं असतं ते दोरीचं वजन. तेव्हा जशी काठी तशी दोरी, जाड काठीला जाड, बारीकला बारीक. माश्या चार-दोन पुरेत, नदीवर उडतात तशा करड्या, मातकट. आणि गळाचा आकडा न लावता महिनाभर गवतावर फेकायचा सराव करावा. एवढं सांगून त्यानं एक छडीसारखी काठी पुढं ठेवली.

आसाराम भडकला. "बे, हे आमच्या गावचे देशमुख हायत! त्यांना तू गुराख्याची काठी दाखवतू?"

आबांनी मान वर केली. भिंतीवर, छताला टेकलेली, एक भलीमोठी काठी टांगली होती. कुठल्या तरी थंड मुलखातल्या रुंद नद्यांसाठी केलेली, दोन्ही हातांनी पेलायची. दुकानदार म्हणाला, ती विकायची नाही, शोभेला लावली आहे. आबा म्हणाले, "तीच."

दोरी निवडताना मात्र त्यांनी सगळ्यांत बारीक घेतली, कारण ती रेशमी होती आणि हाताला मऊ लागत होती. दुकानदार म्हणाला, ह्या काठीला ती दोरी म्हणजे हत्तीला शेळीचं दावं. आबा म्हणाले, चालेल. दोरी गुंडाळायची चक्री घेतली ती चांदीसारखी चमकणारी. माश्यांमध्ये करडी, मातकट एकही नाही. मोराच्या, पोपटाच्या, लालभडक, सोनेरी जर लावलेल्या. आसाराम म्हणायचा, "डब्बी उघडली की लग्नातला रुखवत वाटायचा." शेवटी दुकानदारानं दोरीच्या टोकाला बांधायची तात दाखवली. ती इतकी झिरझिरीत की पाण्यात माशाला दिसत नाही. आबांना ती स्वतःलाही दिसत नाही म्हणून पसंत पडली नाही. "जी दिसत नाही तिच्यावर भरवसा काय ठेवायचा?" असं म्हणून त्यांनी ती परत केली, आणि गावी आल्यावर अंबाडीची सुतळी वळून घेतली. त्या सुतळीनं आमच्याकडं वासरं बांधायचे.

शिवाय एक रबरी विजार आली होती. पायाच्या बोटांपासून छातीपर्यंत एकच, खांद्यावर पट्ट्यांनी अडकवलेली. पाण्यात उभं राहिलं तरी आत थेंब येत नाही म्हणे. आबांनी ती घालून दाखवली तेव्हा आत्यानं तोंड फिरवलं, आणि माय पदर तोंडात धरून माजघरात पळाली.

सराव खळ्यावर सुरू झाला. आकडा न लावता फेकणं आबांना कमीपणाचं वाटलं. "बार न भरता बंदूक उडवायची का?" ते म्हणाले, आणि सोनेरी माशी आकड्यासकट बांधली. काठी मागं नेताना तिचं टोक कुठं आहे ते आबांना कळत नसे, आणि दोरी इतकी हलकी की ती पुढं जायचं सोडून वाऱ्याला जिकडं वाटेल तिकडं जायची. पहिल्या दिवशी लिंबाचं झाड धरलं. दुसऱ्या दिवशी वाळत घातलेलं आत्याचं सोवळं. मग शहादेव धनगराची बकरी धरली, आणि बकरीनं मात्र खऱ्या माशासारखी झुंज दिली. चक्री करकरा वाजली, आबा ओढत गेले, आसाराम ओरडला, "ढील द्या मालक, ढील!" शहादेव बांधावरून म्हणाला, "मालक, धरलीच हाय तर आता पाण्यात सोडू नका, ती माझी हाय."

माय वरच्या खिडकीतून हे सगळं पाहायची. आबा हिरमुसून घरी आले की विचारायची, "जमतंय का?" त्यात हसू नसायचं. बाजार त्या काठीच्या टोकाला बांधलेला होता, हे तिला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. सुतळी नीट वळून, मेण लावून दिली तीही तिनंच.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, घरातल्या तलवारी, बंदूक, नांगराचा फाळ पूजेला मांडले तेव्हा आबांनी काठीही मांडली. ती देवघरात मावेना म्हणून तिचं टोक माजघरातून स्वयंपाकघरात गेलं होतं, आणि तिला ओलांडायचं नाही म्हणून त्या दिवशी आम्हाला भाकरी परसातून फिरून आणावी लागली. गुरुजींनी विचारलं, हे शस्त्र की अवजार? आबा म्हणाले, शस्त्र. मग तिला हळदकुंकू लागलं, झेंडूची माळ लागली, आणि आत्यानं, करायचं तर यथासांग, म्हणून चक्रीला मारुतीसारखा शेंदूर फासला. ती चक्री त्यानंतर कधीच पहिल्यासारखी फिरली नाही.

पूजलेलं शस्त्र घरात ठेवत नाहीत. दुसऱ्या दिवशी सोनं लुटायला दोन्ही गावं शिवेवरच्या आपट्याला जमतात, तिथं ते मिरवत न्यावं लागतं. आबा काठी उभी धरून पुढं, मागं हलगी, मागं गाव. तिकडून विठ्ठलराव घोड्यावर, नव्या जरीच्या पागोट्यात. त्यांनी काठी पाहिली आणि थांबले. "सुंदरराव, हे काय? मंडप घालायचाय का?"

आबांना हीच वेळ सापडली. "साहेबलोकांचा खेळ हाय विठ्ठलराव. तुमच्यापर्यंत यायला अजून वेळ लागंल," असं म्हणून त्यांनी काठी डौलात मागं नेली आणि पुढं झटकली. त्या एका फेकीत दोरी पहिल्यांदा आणि शेवटच्यांदा बरोबर गेली. माशी सरळ विठ्ठलरावांच्या पागोट्यात जाऊन बसली, आणि आबांनी सवयीनं ओढलं.

भर दसऱ्याला, दोन गावांसमोर, विठ्ठलराव उघड्या डोक्यानं घोड्यावर बसलेले मी पाहिले. त्यांच्या डोक्यावर केस नव्हते हे तोवर पिंपळगावातही फार थोड्या लोकांना ठाऊक होतं. कुणी हसलं नाही. कुणी हसलं नाही म्हणूनच ते इतकं भयंकर वाटलं. पागोटं दोरीला लोंबत आबांकडं आलं. आबांनी ते दोन्ही हातांनी परत दिलं, विठ्ठलरावांनी घेतलं, डोक्यावर ठेवलं आणि एकच वाक्य बोलले, "दुकान कोणतं?"

दिवाळी होते न होते तोच पिंपळगावला काठी आली. आबांच्या काठीपेक्षा हातभर लांब. दुकानात तेवढी नव्हतीच म्हणे. दोन काठ्यांचे तुकडे जोडून करून घेतली होती.

जवारी हुरड्यात आली आणि तालुकदारसाहेब आले. नदीच्या वळणावर, दोन्ही गावांच्या मधे डोह आहे, काठ तिथं असा आत वळतो की आमची बाजू आणि पिंपळगावची बाजू समोरासमोर येतात; तिथं त्यांचा तंबू पडला. शुक्रवार होता. निजामाच्या राज्यात कचेऱ्यांना सुट्टी शुक्रवारची. साहेब सडपातळ, चष्म्याचे, हळू बोलणारे. त्यांच्या हातात एका हातात मावेल अशी बारीकशी काठी होती, दुकानदारानं आबांना पहिल्यांदा दाखवली होती अगदी तशी. एका बाजूनं आबा आले, दुसरीकडून विठ्ठलराव. दोघांच्या अंगात छातीपर्यंत रबरी विजारी, डोक्याला पागोटी, हातात त्या काठ्या. साहेबांनी आधी इकडं पाहिलं, मग तिकडं, मग वर टोकांकडं.

"देशमुखसाहब, ये मछली की है या झंडे की?"

"हुजूर, मछलीची," दोघं एकदम म्हणाले.

साहेब सभ्य होते. पाहुण्यानं आधी कसं फेकायचं म्हणून त्यांनी दोघांना आधी फेकायला सांगितलं आणि खुर्चीवर बसले. आबा आमच्या बाजूच्या खडकाजवळ छातीभर पाण्यात उतरले, विठ्ठलराव समोरच्या खडकाजवळ. मधे डोह. आमचं सगळं गाव आमच्या काठाला, पिंपळगाव त्यांच्या. माय आणि आत्या छत लावलेल्या गाडीत, पडद्याआड. मी पडद्याच्या फटीला.

आबांनी फेकलं. मेणाच्या सुतळीला वजन होतं, त्यामुळं ती निदान पाण्यात पडली. तिकडून विठ्ठलरावांचीही पडली. धारेनं दोन्ही दोऱ्या हळूहळू डोहाच्या मधोमध नेल्या आणि खाली बुडवल्या. बराच वेळ काही झालं नाही. मग आबांची काठी एकदम वाकली.

"लागला!" आसाराम किंचाळला.

त्याच क्षणी पलीकडून आरोळी उठली, "लागला! विठ्ठलरावांनाबी लागला!"

असं युद्ध त्या काठानं पाहिलं नव्हतं. आबांनी ओढलं की पलीकडं विठ्ठलरावांची काठी कमानीसारखी वाकायची आणि पिंपळगाव ओरडायचं, "मोठा हाय, मोठा! ढील द्या!" त्यांनी ढील दिली की आबा मागं झुकायचे आणि आमचं गाव ओरडायचं, "थकला! आता थकला! ओढा मालक!" मग आबांनी ओढलं की पुन्हा तिकडं आरोळी. शेंदरानं जाम झालेली चक्री फिरेना म्हणून आबांनी दोरी कमरेला गुंडाळली. विठ्ठलरावांनी त्यांची काठावरच्या बाभळीला बांधली. साहेबांनी एकदा काही सांगायला हात वर केला होता, पण पेशकारानं त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि साहेब पुन्हा बसले.

सूर्य डोक्यावर आला. कुणी घरी जाईना. जाणार कसे? जे गाव आधी उठेल त्यानं हार मानली असं झालं असतं. तेवढ्यात गेवराईचा बाजार उरकून उमापूरकडं निघालेल्या व्यापाऱ्यांच्या गाड्या काठाच्या वाटेनं आल्या. एवढी माणसं उपाशी बसलेली पाहून फुटाणेवाल्यानं आधी पोतं सोडलं. मग गुळाचा, मग मिठाचा. कुंभारानं गाडगी मांडली. कापडवाल्यानं बाभळीला लुगडी टांगली. दुपार कलेपर्यंत लोक एक डोळा डोहावर आणि एक तराजूवर ठेवून घासाघीस करत होते.

मायनं पडदा चांगलाच बाजूला केला. "वन्सं," ती आत्याला म्हणाली, "त्यो कासार बगा. लहान मापाच्या बांगड्या हायत त्याच्याकडं. इथून दिसतंय."

"गप बस," आत्या म्हणाली, पण वाकून तिनंही पाहिलं. "कोणत्या काठाला बसलाय त्यो?"

"पिंपळगावच्या."

"मंग झालं," आत्या म्हणाली. मायनं पडदा ओढून घेतला.

शेवटी आबांच्या रबरी विजारीत वरून पाणी शिरलं. ते फुगून पखालीसारखे दिसायला लागले आणि पाय उचलेना. तेव्हा आसारामनं भोयांच्या सटवाला हाक मारली, "सटवा, बुडी मार आन् आमचा मासा जाळ्यात घे."

"आमचा बी!" पलीकडून आवाज आला.

सटवानं बुडी मारली. दोन्ही गावं पाण्याच्या कडेपर्यंत सरकली. तो वर आला तेव्हा त्याच्या हातात एक गाठ होती: एक सोनेरी माशी, एक पोपटी माशी, दोन्हींचे आकडे एकमेकांत, आणि मधे दोन दोऱ्यांचा पिळा. त्यानं ती उचलून सगळ्यांना दाखवली आणि आबांकडं पाहून म्हणाला, "मालक, मासा न्हाई. तुमी विठ्ठलराव धरलेत."

आधी साहेब हसले. ते हसल्यावर सगळ्यांना परवानगी मिळाली. विठ्ठलराव सोडून सगळं पिंपळगाव हसलं, आबा सोडून आमचं गाव हसलं. गाडीत आत्या हसली. तिचं हसू मी त्याआधी ऐकलंच नव्हतं. माय मात्र हसली नाही. तिनं विचारलं, "आता बाजार कुणाला?"

साहेबांनी पेशकाराला बोलावलं. दिवस मावळतीला आला होता आणि त्यांच्या काठीची दोरी अजून पाण्याला लागली नव्हती. ते म्हणाले, "लिखो." हुकूम असा निघाला की दोन्ही गावांच्या सोयीकरता बाजार शिवेवर, आपट्याच्या झाडाखाली, अर्धा ह्या गावात, अर्धा त्या गावात, दर शुक्रवारी भरवावा. आपटा नदीपासून चांगला दोन हाकांवर आहे. दोघा देशमुखांनी बाजारात जातीनं हजर राहावं, असंही त्यात होतं.

आणि मग साहेब पेशकाराला खालच्या आवाजात जे म्हणाले ते आसारामनं ऐकलं: "शुक्रवारी मला सुट्टी असते. त्या दिवशी ह्या दोन्ही गावांतला एक माणूस मला नदीवर दिसता कामा नये."

दोन्ही गावांच्या सोयीची कथा ती एवढीच. साहेब पुढं बदली होईपर्यंत शुक्रवारी डोहावर एकटे येत राहिले. मासे धरून पाण्यात सोडत राहिले.

पहिल्या शुक्रवारी मायनं सकाळीच भाकरी उरकल्या, धुतलेलं लुगडं नेसली आणि माझा हात धरला. ओसरीवर आबा हुकमाप्रमाणं बाजाराला निघायच्या तयारीत बसले होते. चेहरा उतरलेला. अर्धा बाजार म्हणजे त्यांच्या लेखी पुरी हार होती.

"कुठं निघालात?" त्यांनी विचारलं.

"बाजाराला," माय म्हणाली. "आपल्या शिवेत हाय."

आबांनी तोंड उघडलं. मग त्यांनी आत्याकडं पाहिलं. आत्या जपमाळ ओढत होती. ती डोळे न उघडता म्हणाली, "पंगतीत बोललावतास, सुंदर. मी हुते."

आपट्याखाली दोन्ही गावांचे पुढारी सकाळपासून भांडत होते की शीव नेमकी कुठून जाते. कुणाचं बोट इकडं, कुणाचं तिकडं. शेवटी तोड निघाली ती त्या काठ्यांनीच. आबांची काठी आणि विठ्ठलरावांची काठी टोकाला टोक लावून जमिनीवर आडव्या ठेवल्या. अलीकडं आमचा बाजार, पलीकडं त्यांचा. दोन्ही काठ्यांची मिळून लांबी बाजाराला बरोबर पुरली. आखूड घेतल्या असत्या तर पुरल्या नसत्या, हे आबा पुढं अभिमानानं सांगायचे.

आमच्या अर्ध्यात मीठ, गूळ, गाडगी आणि बैलांच्या घुंगुरमाळा. मायनं सगळं सावकाश पाहिलं. मिठाचा खडा जिभेवर ठेवून पाहिला. मग ती काठीपाशी येऊन उभी राहिली. कासार पलीकडं बसला होता, काठीला लागूनच. त्याच्या समोर विठ्ठलरावांची बायको बायनाबाई उभी होती. तिला गूळ पाहिजे होता, आणि गूळ आमच्या बाजूला.

दोघी काठीपाशी समोरासमोर आल्या. लग्नात कधीतरी पाहिलं असेल तेवढीच ओळख.

"माझ्यासाठी ढेप चांगली बघून घ्या," बायनाबाई म्हणाल्या. "काळी नको."

"घेते," माय म्हणाली. "पण माझा हात तुमाला देता यायचा न्हाई. तेवढं माप माझं मलाच द्यावं लागंल."

कासार हुशार. त्यानं पेटी ओढून काठीच्या अगदी कडेला घेतली. माय खाली बसली, पाय आपल्या गावात नीट जुळवून घेतले, आणि काठीवरून हात पिंपळगावात लांब केला. कासारानं हात दाबून पाहिला, बोटं मुडपली, आणि सगळ्यांत लहान मापाचा हिरवा चुडा एकेक करत चढवला. पुरुष मंडळी पाहत होती. आबा पाहत होते, विठ्ठलराव पाहत होते. पाय कुठं आहेत ते दोघांनी वाकून तपासलं. पाय काठीच्या अलीकडंच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उशिरा उठले. भाकरी थापताना परातीवर आपटणाऱ्या बांगड्यांचा आवाजच आला नव्हता.